शेवटच्या पंगतीतला ड्रायव्हर

सोलापूरच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आला आहे. शाळेच्या संगणकावर विंडोजने एक अपडेट सुचवलं, ‘इंटेल – सिस्टिम’ नावाचं. त्याच्यापुढे तारीख होती 18 जुलै 1968. माणूस चंद्रावर उतरायलाही अजून वर्ष होतं, त्या दिवसाचा ड्रायव्हर आजच्या संगणकाला कसा काय? हा व्हायरस तर नाही? आणि अपडेट घालायचं की तसंच सोडायचं?

आधी धीर देतो. हा व्हायरस नाही. तारीख मात्र खोटी आहे आणि ती जाणूनबुजून घातलेली आहे. तिच्यामागचा विचार इतका सुंदर आहे की तो सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

संगणक सुरू होतो तेव्हा विंडोज आतल्या प्रत्येक भागाची ओळख विचारते. प्रत्येक भाग मुख्यतः दोन क्रमांक सांगतो, एक कंपनीचा आणि दुसरा मॉडेलचा. इंटेलचा कंपनी क्रमांक आहे 8086. इंटेलने 1978मध्ये 8086 नावाचा प्रोसेसर काढला होता आणि आपल्या टेबलांवरचे बहुतेक संगणक आजही त्याच घराण्यातले आहेत. पुढे पीसीआय जोडणीसाठी कंपन्यांना क्रमांक दिले गेले, तेव्हा इंटेलने आपल्या या मूळ पुरुषाचा आकडा घेतला. आज इंटेलची चिप असलेला संगणक सुरू करताना दर वेळी तो आकडा आत उच्चारला जातो, हे मला फार आवडतं.

ओळख पटली की त्या भागासाठी ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, निवडायचा. अनेकदा उमेदवार एकाहून जास्त असतात. ड्रायव्हरवर विश्वासार्ह सही आहे का, हे विंडोज आधी पाहते. मग क्रमांक किती नेमका जुळतो ते पाहते. ‘या प्रकारचं कुठलंही यंत्र चालवीन’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘याच मॉडेलसाठी मी लिहिला गेलो’ म्हणणारा वरचढ ठरतो. इथवर बरोबरी झाली तर ज्याची तारीख नवी तो जिंकतो. तारीखही सारखी असेल, तर आवृत्तीचा क्रमांक पाहिला जातो.

घोटाळा होतो तो तारखेच्या पायरीवर. समजा, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या यंत्रासाठी बेतलेला ड्रायव्हर दिला. त्यात बॅटरी वाचवण्याची सोय आहे, खास बटणांची सोय आहे. तीन वर्षांनी मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्वसाधारण ड्रायव्हरमधली एखादी बारीक चूक दुरुस्त केली आणि दुरुस्तीच्या दिवसाची खरी तारीख घातली. आता दोन्ही ड्रायव्हर सारखेच जुळत असतील, तर नव्या तारखेच्या जोरावर सर्वसाधारण ड्रायव्हर आत येणार आणि बेतलेला बाहेर जाणार. बटणं बंद पडणार आणि त्याचं कारण कुणालाच कळणार नाही.

यावर मायक्रोसॉफ्टने जो तोडगा काढला, तो आपल्याकडच्या लग्नघरात मुरलेला आहे. घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत ती वाढायला उभी असतात. एखादा पाहुणा आलाच नाही तर त्याचं पान रिकामं राहत नाही, तिथे घरचं माणूस बसतं, पण पाहुण्याला उठवून कधीच बसत नाही. व्हिस्टापासून विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर एकच तारीख घातली जाते, 21 जून 2006. आत कितीही दुरुस्त्या झाल्या तरी तारीख हलत नाही, फक्त आवृत्तीचा क्रमांक बदलतो. तारखेने मागे राहिल्यामुळे हे ड्रायव्हर दुसऱ्या कुणाची जागा घेऊ शकत नाहीत आणि दुसरं कुणी नसेल तेव्हा काम अडू देत नाहीत. मायक्रोसॉफ्टमधले जुने अभियंते रेमंड चेन यांनी 2017मध्ये हे कारण जाहीरपणे लिहिलं. स्वतःच्या संगणकावरही ते पाहता येतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्कच्या नावावर डबल क्लिक करा आणि ‘ड्रायव्हर’च्या पानावर तारीख बघा. यंत्र गेल्या वर्षी घेतलेलं असलं तरी बहुधा 2006 सालच दिसेल.

इंटेल तर पाहुणी, तरीही ती आणखी मागच्या पंगतीत जाऊन बसली. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी कंपनी स्थापन केली तो दिवस 18 जुलै 1968, तीच तारीख तिने या फाइलींवर घातली. हे आपण कुणाच्याही आड येऊ नये म्हणून केलं आहे, असं इंटेलनेच सांगितलं आहे. शिक्षिकाबाईंच्या अपडेटमध्ये बहुधा चालणारा प्रोग्रॅमच नाही. ती साध्या मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. अमुक क्रमांकाच्या चिपला अमुक नावाने ओळखा, एवढंच ती विंडोजला सांगते. ती नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये काही ओळींपुढे पिवळं उद्गारचिन्ह दिसतं. ती घातल्याने संगणकाचा वेग वाढत नाही.

क्रमांक जुळवण्याच्या या पद्धतीवर जगभरचे संगणक चालतात आणि ती बहुतेक वेळा बिनबोभाट चालते. चुकते तेव्हा मात्र गंमत वाटावी असे प्रकार होतात. 2023च्या अखेरीस अनेकांच्या संगणकावरचे प्रिंटर रातोरात ‘एचपी लेझरजेट एम101-एम106’ झाले. प्रिंटर दुसऱ्याच कंपनीचा असला तरी नाव आणि चित्र एचपीचं! ज्यांच्या घरी प्रिंटरच नव्हता अशांच्या यंत्रावरही एचपीचं ॲप येऊन बसलं. प्रिंटरची ओळख सांगणारी माहिती चुकीच्या ठिकाणी पोहोचली होती. ते निस्तरायला मायक्रोसॉफ्टला डिसेंबरमध्ये वेगळं साधन द्यावं लागलं. छपाई बहुतेकांची चालू राहिली.

ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीचं प्रकरण मात्र गंभीर होतं. संगणकाचं यूएसबी आणि लहान उपकरणांची जुनी सिरियल भाषा यांच्यात दुभाष्याचं काम करणारी चिप ही कंपनी बनवते. आर्डुइनो बोर्डांपासून कारखान्यातल्या मोजमाप यंत्रांपर्यंत ती सगळीकडे आहे आणि तिच्या नकलाही सगळीकडे आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी केबल घेणाऱ्या विद्यार्थ्याला आतली चिप अस्सल की नक्कल हे वरून पाहून कळणं शक्य नाही. 2014मध्ये विंडोज अपडेटमार्फत या चिपचा नवा ड्रायव्हर आला आणि नक्कल चिप लावलेली उपकरणं बंद पडू लागली. त्यांचा मॉडेल क्रमांक 6001 होता, तो आता शून्य झाला होता. शून्य क्रमांकाचा ड्रायव्हर कुणाकडेच नव्हता, त्यामुळे उपकरण दुसऱ्या संगणकाला लावलं तरी ओळख पटेना.

यामागची तांत्रिक चलाखी अभियंत्यांनी उलगडून दाखवली. अस्सल चिपची स्मृती दोन-दोन घरांच्या जोडीने लिहिली जाते. जोडीतल्या पहिल्या घरात काही टाकलं तर ते नुसतं थांबून राहतं आणि दुसरं घर लिहिलं की दोन्ही एकदम पक्की होतात. नक्कल चिप मात्र प्रत्येक घर लगेच पक्कं करते. ड्रायव्हर फक्त पहिल्या घरांत लिहीत होता. अस्सल चिपला काहीच झालं नाही आणि नक्कल चिपने स्वतःची ओळख पुसून घेतली. बुद्धी म्हणून हे अचाट आहे. तरीही माझ्या मते ते अक्षम्य होतं, कारण शिक्षा नक्कल करणाऱ्याला झाली नाही. ती केबल विकत घेणाऱ्याला झाली आणि तीही सुरक्षिततेसाठी ज्या वाटेवर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात त्या वाटेने. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर विंडोज अपडेटवरून काढला गेला. लिनक्सवाल्यांनी शून्य क्रमांकाच्या चिपलाही ओळखायची सोय करून टाकली.

म्हणून बाईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं: ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये ड्रायव्हर दिसला आणि यंत्र नीट चालत असेल, तर त्याला हात लावू नका. काही विशिष्ट अडचण असेल तरच यांचा उपयोग होईल, असं विंडोज त्याच पानावर सांगते. घातल्यावर काही बिघडलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या ‘ड्रायव्हर’ पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असतं, त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो. सुरक्षेतलं भगदाड बुजवणारा ड्रायव्हर असेल तर गोष्ट वेगळी, तो जरूर घ्यावा. ‘तुमचे इतके ड्रायव्हर जुने झाले आहेत’ असं लाल अक्षरांत दाखवून पैसे मागणारी सॉफ्टवेअर मात्र काढून टाका. जिथे 1968 ही तारीख विचारपूर्वक घातली जाते, तिथे नुसत्या तारखेवरून कशालाही जुनं ठरवणारं सॉफ्टवेअर तुम्हाला काहीच सांगत नसतं.

एका ड्रायव्हरची एवढी धास्ती का, असं कुणी विचारेल. वर्ड किंवा ब्राउझर बंद पडला तर तो एकटा पडतो. बरेचसे ड्रायव्हर मात्र संगणकाच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालतात. तिथे त्यांना सगळ्या स्मृतीला हात लावण्याचा अधिकार असतो. एकाने चुकीच्या जागी लिहिलं की सगळं यंत्र थांबतं. एप्रिल 1998मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज 98चं प्रात्यक्षिक चाललं होतं. स्कॅनर जोडला मात्र, विंडोज कोलमडून मोठ्या पडद्यावर निळा पडदा आला. हे त्या एका दिवसाचं दुर्दैव नव्हतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2001मध्ये लिनक्सची संहिता तपासली, तेव्हा ड्रायव्हरमधलं चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या सातपटीपर्यंत निघालं. विंडोज एक्सपी कोलमडण्याच्या नोंदवलेल्या घटनांपैकी 85 टक्क्यांचं मूळ ड्रायव्हरमध्ये होतं, असं 2003च्या एका शोधनिबंधात नमूद आहे.

आजचे संगणक त्या मानाने क्वचित कोलमडतात. त्याचं श्रेय आपण वेगवान प्रोसेसरला आणि मोठ्या रॅमला देऊन मोकळे होतो. काही श्रेय रचनेतल्या बदलांना आहे. व्हिस्टापासून पडद्याचा ड्रायव्हर दोन सेकंद गप्प राहिला तर विंडोज त्याला पुन्हा सुरू करते, पडदा क्षणभर काळा होतो आणि काम पुढे चालतं. पण ज्यांचं नाव घरोघरी माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, ते आहेत श्रीराम राजमणी. चेन्नईच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते बाहेर पडले, बर्कलीला पीएच.डी. केली आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात थॉमस बॉल यांच्यासोबत ‘स्लॅम’ हा प्रकल्प उभा केला.

त्यांनी हातात घेतलेला प्रश्न असा. ड्रायव्हरला काही नियम पाळावे लागतात. उदाहरणार्थ, एखादी सामायिक वस्तू वापरण्यापूर्वी ‘लॉक’ घ्यायचं, काम झालं की सोडायचं, घेतलेलं पुन्हा घ्यायचं नाही. प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून, तो हा नियम कधीच मोडणार नाही हे सांगता येईल का? प्रोग्रॅममध्ये तीस ठिकाणी ‘असं असेल तर’ आलं की वाटा शंभर कोटींच्या वर जातात. शिवाय ॲलन ट्युरिंग यांनी 1936मध्येच सिद्ध करून ठेवलं आहे की दिलेला प्रोग्रॅम कधी थांबेल का, याचं प्रत्येक वेळी अचूक उत्तर देणारी कृती अस्तित्वातच नाही. ज्याचं पूर्ण उत्तर मिळू शकत नाही अशा प्रश्नाला हात घालायला धाडस लागतं.

स्लॅमने सुरुवातीला प्रोग्रॅममधले सगळे आकडे फेकून दिले आणि फक्त सांगाडा ठेवला. त्या सांगाड्यात नियम मोडणारी वाट सापडते का ते पाहायचं. सापडली तर मूळ प्रोग्रॅमला विचारायचं, या वाटेने खरंच जाता येतं का? येत असेल तर चूक पकडली. येत नसेल, तर का येत नाही ते शोधायचं. समजा, वाटेच्या सुरुवातीला ‘पॅकेट आलं’ अशी अट होती आणि शेवटी ‘पॅकेट नाही’ अशी, दोन्ही एकदम शक्य नाहीत. मग ‘पॅकेट आहे की नाही’ एवढा एकच हो-नाहीचा प्रश्न सांगाड्यात घालायचा आणि पुन्हा शोधायचं. खोट्या इशाऱ्यातूनच पुढच्या फेरीत कशाकडे लक्ष द्यायचं ते कळतं. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो होतो. ही कल्पना मुळात चिपची रचना तपासणाऱ्यांच्या वर्तुळात रुळत होती. सी भाषेत लिहिलेल्या, उद्योगात वापरल्या जाणाऱ्या ड्रायव्हरवर ती चालवून दाखवणं हे बॉल आणि राजमणी यांचं काम. 2002मध्ये गेट्स यांनी हार्डवेअर अभियंत्यांच्या परिषदेत ड्रायव्हर पडताळणीच्या या साधनांचा आवर्जून उल्लेख केला.

स्लॅममधून ‘स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायर’ तयार झालं आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मायक्रोसॉफ्ट जो संच देते त्यात ते दाखल झालं. 2011मध्ये बॉल आणि राजमणी यांना या कामासाठी पडताळणीशास्त्रातला मानाचा सीएव्ही पुरस्कार मिळाला. राजमणी पुढे भारतात परतले आणि बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचं नेतृत्व त्यांनी केलं. व्हेरिफायर आता निवृत्त झालं आहे. विंडोज 11च्या 24एच2 आवृत्तीबरोबरच्या संचात ते नाही, त्याची जागा कोडक्यूएल या साधनाने घेतली आहे. स्लॅमच्याच रीतीच्या बर्कलीच्या ब्लास्ट आणि नंतरच्या सीपीएचेकर या साधनांनी मॉस्कोतल्या संशोधकांनी लिनक्सचे ड्रायव्हर तपासले आणि त्यांत सापडलेल्या चुका लिनक्सच्या मूळ संहितेत दुरुस्त झाल्या.