मध्यमस्तिष्कातील कृष्णद्रव्य

घरातील आजोबांचा हात थरथरू लागला, पावले फरफटू लागली, चेहरा निर्विकार दिसू लागला, की "वय झाले" एवढे बोलून आपण मोकळे होतो. परंतु पुष्कळदा याचे मूळ मेंदूच्या एका चिमुकल्या भागात असते. त्या भागाची ओळख वाचक बंधुभगिनींस करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या टोकास मध्यमस्तिष्क म्हणतात. त्याची लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. तो आडवा छेदल्यास डाव्या व उजव्या बाजूस एकेक काळसर पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हेच कृष्णद्रव्य. हा काळेपणा तेथील पेशींत साचणाऱ्या रंगद्रव्याचा होय. तान्ह्या बालकात तो दिसत नाही. वयाबरोबर गडद होत जातो.

या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात व आपल्या लांब तंतूंवाटे मोठ्या मेंदूच्या गाभ्यात पोहोचवितात. खुर्चीवरून उठणे, पाऊल टाकणे, सदऱ्याचे बटण लावणे, या हालचालींचा आरंभ आणि वेग त्यावर अवलंबून असतो. या पेशी मरू लागल्या की कंपवात जडतो. स्नायूंत बळ असते, मनात इच्छा असते, तरी हालचाल सुरू होत नाही. अशा माणसास आळशी किंवा हट्टी म्हणणे हा अन्याय होय.

या रोगाचे वर्णन लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. त्यात कृष्णद्रव्याचा ऱ्हास होतो, हे १९१९ साली पॅरिस येथे त्रेत्याकोव्ह यांनी दाखविले. डोपामिनची उणीव १९६० साली व्हिएन्ना येथे सिद्ध झाली. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरते व तेथे त्याचे डोपामिन होते. म्हणून ते आजही मुख्य औषध आहे. आपल्या कोकणातील खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असते. मात्र कोणी त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. हैफाच्या टेक्निऑनमध्ये मूसा युदिम व जॉन फिनबर्ग यांनी रासाजिलीन हे औषध विकसित केले. ते डोपामिनचे विघटन मंदावते. मेलेल्या पेशी मात्र कोणतेही औषध परत आणीत नाही.

रोगाची चाहूल ओळखावी कशी? आम्ही शिक्षक, म्हणून प्रथम अक्षराकडे पाहतो. आजीने लिहिलेल्या पत्रातील अक्षर ओळीगणिक बारीक होत गेले, तर लक्ष द्यावे. चालताना एकच हात झुलेनासा होणे, वास न येणे, आवाज क्षीण होणे, याही खुणा होत. प्रत्येक थरथर कंपवाताची नसते. तो निर्णय डॉक्टरांचा. तेव्हा वडीलधाऱ्यांस कुपत होलिममध्ये घेऊन जावे. औषधाच्या वेळा कसोशीने पाळाव्यात, त्यांस रोज चालावयास न्यावे आणि बटण लावताना त्यांची बोटे अडखळली, तर दटावू नये, थोडे थांबावे.