एक्सल कटकटू लागला की…

अँबॅसिडर आणि पद्मिनीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळत असे. 1983च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800मध्ये ती पुढच्या चाकांना मिळू लागली. ही चाके फिरतात, वळतात आणि खड्ड्यांत खाली-वरही होतात; म्हणून गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या एक्सलला दोन्ही टोकांना सांधे असतात. चाकाकडच्या सांध्यात सहा पोलादी गोळ्या खाचांतून सरकतात आणि चाक वळलेले असतानाही गती एकसारखी पोचवतात. गॅरेजमध्ये याला ‘सीव्ही जॉइंट’ म्हणतात.

सांध्यावर घड्यांचे रबरी बूट असते आणि आत काळे ग्रीस. एक्सल मरतो तो बहुधा या बुटापायी. रबर जुने झाले की घडीत चीर पडते, चाकाच्या फेऱ्यांबरोबर ग्रीस बाहेर उडते आणि धूळ-पाणी आत शिरते. रिमच्या आतल्या बाजूला काळे चिकट शिंतोडे दिसणे ही पहिली खूण. पुढे स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की कट-कट असा आवाज येतो. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल, तर गिअरबॉक्सकडचा सांधाही तपासावा.

बूट फाटले, पण आवाज नाही, अशा वेळी सांधा धुऊन, पूर्ण वाळवून, खाचांवरून नख फिरवून पाहतात. नख कुठे अडकले नाही, तर सीव्ही जॉइंटचेच ग्रीस भरून नवे बूट चढवले की भागते. कटकटणाऱ्या सांध्यात मात्र ग्रीस भरणे व्यर्थ. झिजलेली खाच भरून येत नाही. तेथे जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलावा.

एक्सलचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करतात. मग गाडी स्टँडवर घेऊन, गिअर ऑइल काढून, खालचा बॉल जॉइंट सोडवतात आणि एक्सल बाहेर घेतात. ऑइल सील त्याच वेळी नवे टाकावे. त्याच्यासाठी पुन्हा सगळे खोलणे परवडत नाही. नवा एक्सल आत लॉक झाल्याची खात्री करून नट टॉर्क पान्यानेच आवळावा आणि गिअर ऑइल पुन्हा भरावे.

सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढली, की चारही बुटांच्या घड्या उघडून पाहायला मेकॅनिकला आवर्जून सांगावे.