तरण तलाव बंद करण्यापूर्वी

मृगाच्या सरी येऊ लागल्या, शाळा सुरू झाल्या की नगरपरिषदा, क्रीडासंकुले व शिक्षणसंस्था यांचे अनेक तरण तलाव पुढील हंगामापर्यंत बंद होतात. फाटकाला कुलूप लागते, पंप थांबतो. पाणी मात्र तेथेच राहते. पोहणारे गेले म्हणजे पाण्याची निगा संपली, ही समजूत घातक आहे. देखरेखीवाचून राहिलेले पाणी थोड्याच दिवसांत हिरवे होते, त्यात डासांची पैदास होते आणि तळ दिसेनासा झाल्यावर आत पडलेले मूलही काठावरून दिसत नाही.

क्लोरीन केव्हा कामी येतो?

ऊन, उबदार पाणी आणि पालापाचोळा व माती यांतून येणारी पोषकद्रव्ये मिळाली की शेवाळ झपाट्याने वाढते. त्याला आवर घालतो तो पाण्यातील मुक्त क्लोरीन. वापरातील तलावात त्याचे प्रमाण सामान्यतः लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम ठेवतात. परंतु सामू ७.५ असता यातील जवळजवळ निम्माच क्लोरीन प्रभावी रूपात असतो. सामू ८ झाला की हा वाटा पाव भागाच्या आसपास येतो. म्हणून सामू आदल्या दिवशीच ७.२ ते ७.५ च्या दरम्यान आणावा. कडक उन्हात क्लोरीन काही तासांतच नाहीसा होतो. यास्तव मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी.

मात्रेचा हिशेब

२५ मीटर लांब, १० मीटर रुंद व सरासरी १.६ मीटर खोल अशा तलावात ४ लाख लिटर पाणी मावते. त्यातील क्लोरीन लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढविण्यास ४०० ग्रॅम क्लोरीन लागतो. ब्लीचिंग पावडरीत २५ टक्के क्लोरीन असल्यास ही पावडर १.६ किलो होते. शेवाळ धरलेल्या पाण्यास १० मिलिग्रॅमची मात्रा द्यावयाची तर १६ किलो लागेल. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. दमट जागी पडलेल्या पोत्यात तो घटत जातो. तेव्हा साठा तपासूनच हिशेब करावा.

कामाचा क्रम

प्रथम पालापाचोळा काढून भिंती व पायऱ्या ब्रशने घासाव्यात. बुळबुळीत थराखालील शेवाळापर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. प्लास्टिकच्या बादलीतील पाण्यात पावडर थोडी थोडी टाकावी, चुना खाली बसू द्यावा व वरची निवळी तलावात सर्वत्र पसरावी. रात्रभर पंप चालू ठेवावा. सकाळी क्लोरीन शिल्लक नसेल, तर शेवाळ अद्याप जिवंत आहे असे समजून मात्रा पुन्हा द्यावी. तळाशी बसलेला करडा गाळ शोषून काढावा व गाळणयंत्र उलट प्रवाहाने धुवावे. ब्लीचिंग पावडर आम्लाशी अथवा अन्य क्लोरीनयुक्त रसायनाशी कधीही मिसळू नये. विषारी वायू निघण्याचा वा स्फोट होण्याचा धोका असतो. कामगारांना रबरी हातमोजे व चष्मा द्यावा.

कुलूप लावल्यानंतर

पोहण्याच्या पाण्यातील क्लोरीनने डासांच्या अळ्या मरतीलच, असा भरवसा नाही. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे ८ ते १० दिवस पुरतात. म्हणून पंप नियमित चालवून दर आठवड्यास पाणी तपासावे. ते शक्य नसल्यास क्लोरीन पूर्ण ओसरल्याची खात्री करून गप्पी मासे सोडावेत. तलाव झाकल्यास आच्छादनावर पावसाचे पाणी साचू देऊ नये.

तलाव रिकामा करणे हा सोपा उपाय वाटतो. परंतु पावसाळ्यात भूजलाची पातळी चढली की खालच्या दाबाने रिकामा तलाव उचलला जाऊन त्यास तडे जाऊ शकतात. अभियंत्याच्या सल्ल्यावाचून तो रिकामा करू नये. क्लोरीनयुक्त पाणी ओढ्यात सोडल्यास मासे मरतात, हेही ध्यानी ठेवावे.

ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत. ती राहून जातात ती जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळे. यास्तव कुलूप लावण्यापूर्वीच साप्ताहिक पाहणी कोण करील, हे नावानिशी लेखी ठरवावे आणि नोंदवही फाटकापाशीच ठेवावी. तलाव बंद असला, तरी त्यातील पाण्याची जबाबदारी बंद होत नाही.