टाकीचे माप आणि कारागिराचा नफा

पत्र्याच्या टाक्या, डबे व कोठ्या बनविणारे आपले अनेक बांधव हातात कसब असूनही हिशेबात मार खातात. गिऱ्हाईक म्हणते, "मागच्यापेक्षा दुप्पट टाकी करून द्या." दुप्पट म्हणजे दुप्पट उंच की दुप्पट रुंद? हे विचारल्याशिवाय दर सांगू नये, असे आम्ही सुचवितो.

गोल टाकीत किती पाणी मावते हे काढण्याची रीत सोपी आहे. व्यासाच्या निम्मी ती त्रिज्या. त्रिज्येला त्रिज्येने गुणावे, मग ३.१४ ने आणि शेवटी उंचीने. मापे आतून व सेंटिमीटरमध्ये घ्यावीत. उत्तराला १००० ने भागले की लिटर मिळतात.

समजा, टाकीचा व्यास ६० सें.मी. व उंची ९० सें.मी. आहे. तीत सुमारे २५४ लिटर पाणी मावेल. फक्त उंची दुप्पट केली तर ५०९ लिटर. पण फक्त व्यास दुप्पट केला तर १०१७ लिटर, म्हणजे चौपट! कारण हिशेबात उंची एकदाच येते, त्रिज्या दोनदा.

आता पत्रा पाहू. तळ व झाकण धरून मूळ टाकीला २.२६ चौरस मीटर पत्रा लागतो. उंची दुप्पट केल्यास ३.९६, तर व्यास दुप्पट केल्यास ५.६५. म्हणजे चौपट पाण्याला पत्रा अडीचपटच लागतो. हे ठाऊक नसलेला कारागीर एक तर दुप्पट दर सांगून तोट्यात जातो किंवा चौपट सांगून गिऱ्हाईक गमावतो. कापणीत वाया जाणारा पत्रा वेगळा धरावा.

थोड्या फरकालाही कमी लेखू नये. व्यास ६० ऐवजी ५४ सें.मी. झाला, तर टाकी जेमतेम २०६ लिटरची होते. व्यास एक दशांशाने घटला, पण गिऱ्हाइकाचे पाणी जवळजवळ एक पंचमांशाने गेले.

आणखी एक गोष्ट. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. १०१७ लिटरची टाकी भरली की गच्चीवर एक टनाहून अधिक भार येतो. शिवाय उंची तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर बाजूच्या पत्र्यावरील ताणही दुप्पट होतो. म्हणून जाड पत्रा आणि मजबूत बैठक यांचा खर्च आधीच दरात धरावा.

बिलावर व्यास, उंची आणि लिटर हे तिन्ही आकडे लिहून द्यावेत. पुढे वाद उरत नाही आणि दुकानाची पतही टिकते.