वाळू, जाळं आणि सारा

भाच्याचा फोन आला तेव्हा बाळ तीन दिवसांचं होतं. "फुफी, नाव तूच काढ," म्हणाला, "पण तिच्या आईला नीट हाक मारता येईल असं काढ."

बाळाची आई कोबेची, जपानी. भाचा पेडणे तालुक्यात हरमलला राहतो, तिथंच दोघांची ओळख झाली. मी डिचोलीची, नमाजगाच्या वाटेवरच्या घरातली. घरात उर्दू, बाजारात कोकणी आणि शाळेत आयुष्यभर मराठी शिकवली. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं ही गावाची रीत आमच्या घरातही रुजली आहे, म्हणून भाच्याचं नाव मीच ठेवलं होतं आणि आता त्याच्या लेकीचंही माझ्याकडेच आलं.

आधी मी घराण्यातली नावं काढली. झैनब, मरियम, लैला. सुनेला एकेक म्हणायला लावलं. जपानीत 'न' सोडला तर शब्द स्वरावरच संपतो, त्यामुळे झैनबची 'झाइनाबु' झाली आणि मरियमची 'मारियामु'. 'र' आणि 'ल' हे दोन वेगळे आवाज त्या भाषेत नाहीतच. लैला 'राइरा' झाली. सून मनापासून प्रयत्न करत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. पोटच्या मुलीला हाक मारताना आईला रोज आपलं चुकतंय असं वाटावं, हे मला सहन होईना. तिथंच ठरवलं, 'ल' नको, जोडाक्षर नको आणि शेवट स्वरावर हवा.

अशी नावं शोधली की सापडतात. हाना म्हणजे जपानीत फूल आणि अरबीत सुख. आया म्हणजे अरबीत खूण, कुराणातली आयत तीच. जपानीत कापडात विणलेली नक्षी. हिना म्हणजे आपल्याकडे मेंदी, तर जपानात ३ मार्चला मुलींसाठी बाहुल्या मांडतात त्या सणाच्या नावातच हिना आहे. ही नावं अरबी आणि जपानी दोन्हींत शोभतात, पण पोरगी पेडण्यात वाढणार आहे. 'हाना'चं शाळेच्या मैदानावर 'हाणा' व्हायला एक दिवस पुरतो. 'आया' तर पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला शब्द, मुलं सांभाळणारी बाई. आणि हिना कुणीतरी वहीवर दीर्घ लिहिणार, मग मेंदीची 'हीन' होणार. मी हजारो वह्या तपासल्या आहेत.

मग सारा सुचलं. हजरत इब्राहीमची बीबी सारा. कुराणात तिचं नाव घेतलेलं नाही, पण म्हातारपणी मुलगा होणार ही खबर फरिश्त्यांनी आणली तेव्हा ती हसली, हे सांगितलं आहे. मला ते हसणं फार आवडतं. मराठीत सारा म्हणजे सगळा, अवघा. शेतसाऱ्याचा साराही आहेच, तो चालेल. जपानीत सारा म्हणजे शालवृक्ष. संस्कृतातला 'शाल' बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तिथं पोचला. ज्या दोन झाडांमध्ये बुद्धानं देह ठेवला, ती हीच.

सुनेनं ते कागदावर दोन चिन्हांत लिहून दाखवलं. पहिलं वाळूचं. डावीकडे पाण्याचे तीन थेंब, उजवीकडे 'थोडं' या अर्थाची खूण. पाणी थोडं उरलं की वाळू उघडी पडते, म्हणाली. हरमलला ओहोटीला रोज दिसतं ते! दुसरं चिन्ह तलम रेशमाचं, पण त्याच्या पोटात वर जाळं, खाली दोरा आणि पक्षी. मूळ अर्थ पाखरं धरायचं जाळं. वाळू आणि जाळं. या किनाऱ्यावरच्या मुलीला आणखी काय हवं? कोबेच्या आजीची एकच तक्रार, त्या दुसऱ्या चिन्हाला १९ रेघा आहेत, पोरीचा हात दुखेल.

जपानात नावासाठी हवं ते चिन्ह घेता येत नाही. सरकारनं मान्य केलेल्या सुमारे ३,००० चिन्हांतूनच निवडायचं. ही दोन्ही त्यात आहेत. आपल्याकडे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, नाव मागाहून १२ महिन्यांपर्यंत फी न भरता घालता येतं. पण अशा घरांनी तेवढं थांबू नये. मूल परदेशात जन्मलं आणि जन्मानंच त्याला दुसरं नागरिकत्वही मिळालं, तर तीन महिन्यांच्या आत वकिलातीत नोंद करून जपानी नागरिकत्व राखून ठेवावं लागतं. नाहीतर ते जन्मापासूनच जातं. आणि रोमन स्पेलिंग दोन्हीकडे एकच ठेवावं. आम्ही शेवटचा एच गाळला.

गोव्यात जपानी माणसाला नाव मिळण्याची गोष्ट जुनी आहे. १५४८ साली कागोशिमाचा अंजिरो इथं बाप्तिस्मा घेऊन पावलू द सांता फे झाला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियरबरोबर मायदेशी परतला. त्याचं जुनं नाव बाजूला सारून नवं दिलं गेलं. आम्हाला काहीच बाजूला सारायचं नव्हतं.

दिवस ठरवायला मात्र काही त्रास पडला नाही. आमच्यात अकीका सातव्या दिवशी करतात. जावळ काढतात, त्याच्या वजनाइतकी चांदी दान देतात. जपानातही सातव्या रात्री पांढऱ्या कागदावर कुंचल्यानं नाव लिहून भिंतीला लावतात. मला हे ठाऊक नव्हतं आणि सुनेला अकीका ठाऊक नव्हता. "सातवा?" आम्ही दोघींनी एकदमच विचारलं.

सोनाराच्या काट्यावर जावळ एक ग्रॅमही भरलं नाही. दान आम्ही त्याहून पुष्कळ जास्त दिलं. संध्याकाळी सुनेनं मांडी घालून कुंचला धरला आणि १९ रेघा एकही न चुकता ओढल्या. त्याखाली भावानं उर्दूत लिहिलं, मी देवनागरीत. शाई ओली होती म्हणून भाच्यानं पंखा बंद केला. कोबेची आजी फोनच्या पडद्यावर वाकून वाचत होती. "सारा-चान," तिनं हाक मारली, आणि उकाड्यानं जागी झालेली पोर आवाजाकडे वळली.