यंदा कोणत्या गल्लीची पाळी?

लुकबानमध्ये मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो. फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर, बानाहाव पर्वताच्या पायथ्याशी हे गाव आहे. १५ मे हा तिथे शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याचा दिवस. संताची मूर्ती ज्या रस्त्याने जाणार, त्या रस्त्यावरची घरं त्या वर्षी सजतात. उरलेल्या गल्ल्या वाट पाहतात, कारण पुढे कधीतरी त्यांचीही पाळी येणार असते.

या उत्सवाचं नाव पाहियास. जगभरच्या पर्यटन जाहिरातींत त्याचे फोटो झळकतात आणि ते पाहून हा रंगांचा एक मोठा देखावा असावा असं वाटतं. देखावा आहेच. पण फिलिपिन्समधले सण समजून घ्यायचे तर काय दिसतं याच्याआधी काम कोण करतं आणि पाळी कोणाची, हे विचारावं. साडेसात हजारांहून अधिक बेटांचा हा देश आणि त्यातल्या पाचांपैकी जवळपास चार माणसं कॅथलिक. गावागणिक एक संत आणि संतागणिक एक फिएस्ता. एवढे सण वर्षानुवर्षं चालतात ते शेजाऱ्यांनी काम वाटून घेतल्यामुळे.

पाहियासमध्ये घराच्या दर्शनी भिंतीवर, खिडक्यांवर, गॅलरीवर शेतात पिकलेलं सारं मांडतात. भाताच्या लोंब्या, वांगी, मिरच्या, शेंगा, केळीचे घड, अननस, नारळ. ज्याचं शेत नाही तो आपल्या हातचं काम लावतो. लुकबान बुरी ताडाच्या पानांच्या देठांतून काढलेल्या तंतूंपासून विणलेल्या टोप्यांसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून टोप्या विणणाऱ्याच्या घरावर टोप्या दिसतात. लसणाच्या वासाची लोंगानिसा ही इथली खास सॉसेजं बनवणाऱ्याच्या घरावर त्यांच्या माळा असतात. एका रस्त्यावरून चालत गेलं की गाव कशावर जगतं हे कळतं. कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा हा हिशेब मला जास्त खरा वाटतो.

या सजावटीचा जीव म्हणजे किपिंग. तांदूळ भिजवून वाटतात, त्यात रंग घालतात आणि ते पातळ पीठ झाडाच्या पानावर एकसारखं पसरतात. पान वाफेवर धरलं की पिठाचा पापुद्रा तयार होतो. तो गार झाला की अलगद सोडवायचा, सपाट राहावा म्हणून वजनाखाली दाबायचा आणि वाळवायचा. आपल्याकडे पानावरच्या तांदळाच्या फेण्या ज्यांनी घातल्या आहेत त्यांना यातली प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल. पापुद्रा नीट सुटला तर त्यावर पानाच्या शिरासुद्धा उमटतात. लाल, पिवळी, हिरवी, गुलाबी अशी शेकडो तांदळाची पानं एकमेकांत गुंफून मोठी झुंबरं करतात. त्यांना आरांग्या म्हणतात. उन्हात ती अर्धपारदर्शक होऊन चमकतात. हे काम एका रात्रीत होत नाही. पाहियासच्या कित्येक दिवस आधीपासून घराघरांत पीठ वाटलं जात असतं.

ही पद्धत कशी सुरू झाली, हे गावातली माणसं सांगतात. शेतकरी आपलं पीक आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेत. पुढे ते चर्चमध्ये मावेनासं झालं, तेव्हा लोकांनी पीक दारातच मांडावं आणि पाद्र्यांनी घरासमोरून जाताना आशीर्वाद द्यावा असं ठरलं. आज दिसणारा, स्पर्धा आणि बक्षिसं असलेला पाहियास मात्र तुलनेने नवा आहे. १९६३ साली लुकबानच्या आर्ट क्लबने त्याला हे रूप दिलं. जुनी भक्ती आणि नवं संयोजन असे दोन थर फिलिपिन्सच्या जवळपास प्रत्येक मोठ्या सणात सापडतात.

सान इसिद्रो स्वतः स्पेनमधल्या माद्रिदजवळचा, बाराव्या शतकातला शेतमजूर. तो प्रार्थनेत गुंग असताना देवदूतांनी त्याचं शेत नांगरलं, अशी आख्यायिका आहे. १६२२ मध्ये त्याला संतपद मिळालं. त्याच दिवशी, त्याच सोहळ्यात फ्रान्सिस झेवियर यांनाही मिळालं, ज्यांना गोवा ‘गोंयचो सायब’ म्हणतो. लुकबान परिसरात ख्रिस्ती धर्म आणला तो फ्रान्सिस्कन संघाने. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया याच संघात मनिलामध्ये दाखल झाले, १५९३ मध्ये तिथून जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकीत हुतात्मा झाले. वसईकर आजही त्यांचा सण करतात. मनिला आणि आपला किनारा यांच्यातलं हे नातं फारसं कोणी सांगत नाही, म्हणून इथे थांबून सांगितलं.

लुकबानच्या शेजारची गावंही त्याच दिवशी सान इसिद्रोचा उत्सव करतात, पण आपापल्या तऱ्हेने. सारियायामध्ये बांबूंना खाऊ, फळं आणि भेटवस्तू टांगतात आणि मिरवणूक पुढे सरकली की लोक त्या ओढून घेतात. तायाबासमध्ये सुमान उधळतात. नारळाच्या दुधात शिजवून पानात गुंडाळलेला चिकट भात म्हणजे सुमान. जमलेली गर्दी तो झेलते. बुलाकान प्रांतातल्या पुलिलानमध्ये आदल्या दिवशी सजवलेल्या रेड्यांना चर्चसमोर गुडघे टेकायला लावतात. संत एकच, पण पिकलेलं कुठे मांडलं जातं, कुठे लुटलं जातं, कुठे उधळलं जातं.

मे महिनाच का? देशाच्या बऱ्याच भागात तेव्हा कोरडा उन्हाळा संपत आलेला असतो आणि पाऊस तोंडावर आलेला असतो. एका हंगामाचे आभार मानायचे आणि पुढच्यासाठी मागणं मागायचं, अशी ही सांध्याची वेळ. डिसेंबरमधल्या सिंबांग गाबीलाही असाच शेतीचा आधार आहे. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटे चारच्या सुमारास प्रार्थना होते, कारण शेतकऱ्याला उजाडायच्या आत शेतावर पोहोचायचं असे. प्रार्थना आटोपून बाहेर आलं की चर्चच्या अंगणात बिबिंग्का तयार असते. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध केळीच्या पानावर ओतून, खालून-वरून निखाऱ्यांच्या आचेवर ती भाजतात. शेजारी बांबूच्या नळकांड्यांत वाफवलेला जांभळा पुतो बुंबोंग असतो, वर लोणी, खोबरं आणि साखर. आज शहरात राहणाऱ्या बहुतेकांचा शेतीशी संबंध उरलेला नाही, तरी ते पहाटे उठतातच.

याच नऊ पहाटांतून पाम्पांगा प्रांतातल्या सान फर्नांडो शहराचा कंदील मोठा झाला. पारोल म्हणजे बांबूच्या काड्या आणि कागदाचा तारेच्या आकाराचा कंदील. ख्रिसमसच्या दिवसांत तो देशभर खिडकीखिडकीत लटकतो. सान फर्नांडोत नऊ दिवसांच्या मिरवणुकांत प्रत्येक वस्तीचे लोक आपापले कंदील घेऊन चर्चपर्यंत येत. आपला कंदील दुसऱ्या वस्तीपेक्षा मोठा असावा ही चुरस तिथेच सुरू झाली. १९३१ मध्ये त्यात विजेचे दिवे आले. आता डिसेंबरच्या मध्यावर होणाऱ्या ‘लिगलिगान पारुल’ या स्पर्धेत सुमारे वीस फूट व्यासाचे, हजारो बल्बांचे कंदील ट्रकवर उभे असतात आणि संगीताच्या ठेक्यावर त्यांच्यातले रंग फिरतात, उमलतात, मिटतात.

हे रंग हलवण्याची युक्ती थक्क करणारी आहे. कंदिलामागे पत्र्याची मोठी पिंपं आडवी बसवलेली असतात आणि त्यांच्यात वीज सोडलेली असते. बल्बांच्या एकेका गटाची तार एकेका केसांच्या पिनेला जोडलेली असते आणि या पिना ओळीने पिंपाला टेकलेल्या असतात. पिंपावर ठरलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावतात. पिंप फिरवलं की पिनेखाली उघडा पत्रा येतो तेव्हा तो गट उजळतो, पट्टी येते तेव्हा विझतो. म्हणजे नक्षी आधी डोक्यात रचायची, मग चिकटपट्टीच्या तुकड्यांत पिंपावर उतरवायची आणि शेवटी वादनाच्या तालावर पिंप हाताने फिरवायचं. कंदील बारांगायचा असतो. बारांगाय हे तिथलं सर्वांत लहान प्रशासकीय एकक, एखाद्या वस्तीएवढं. कारागिरी काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण सांगाडा बांधायला, पिना जोडायला, पिंप फिरवायला वस्तीतले हात लागतात. हा सण बनवायला महिनोन्‌महिने लागतात आणि तो पाहायला एक रात्र, हे प्रमाण मला फार मोलाचं वाटतं.

सगळेच सण शेतातून किंवा चर्चमधून आलेले नाहीत. नेग्रोस बेटावरच्या बाकोलोद शहराचा मास्कारा १९८० मध्ये सुरू झाला. नेग्रोस म्हणजे फिलिपिन्सचा ऊसपट्टा. तिथे दोन गाळप हंगामांमधल्या बेकारीच्या महिन्यांना स्पॅनिशमधून आलेलं ‘तिएम्पो मुएर्तो’, म्हणजे मेलेला काळ, असं नाव आहे. साखरेचे भाव कोसळल्याने बेट आधीच अडचणीत होतं. त्यात १९८० च्या २२ एप्रिलला मनिलाहून बाकोलोदकडे निघालेलं ‘डॉन हुआन’ हे प्रवासी जहाज तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन बुडालं. शेकडो माणसं गेली, त्यांत बाकोलोदमधली कितीतरी कुटुंबं होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, शहराच्या सनद दिनाच्या निमित्ताने, कलाकार आणि नगरपालिकेने हसऱ्या मुखवट्यांचा उत्सव उभा केला. दुःख झाकायला हसरा मुखवटा घातला, अशी टीका करणं सोपं आहे. मला ती पटत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तिथल्या ऊसमजुरांच्या मुलांवर उपासमारीची वेळ आली आणि एका सणाने ती टळणार नव्हती, हे खरं. पण उद्ध्वस्त झालेल्या शहराने रस्त्यावर एकत्र येण्याचा दिवस ठरवणं हीसुद्धा तग धरण्याची एक रीत आहे. बाकोलोदच्या लोकांनी तो दिवस अजून सोडलेला नाही.

काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सेबू शहरात सिनुलोग होतो, बाळयेशूच्या, म्हणजे सांतो निन्योच्या नावाने. १५२१ मध्ये मॅगेलानने इथल्या राणीला भेट दिलेली बाळयेशूची मूर्ती १५६५ मध्ये आलेल्या स्पॅनिश सैनिकांना जळालेल्या घरात सापडली. ती आजही शहरातल्या बॅसिलिकात, म्हणजे तिच्या नावाच्या मोठ्या चर्चमध्ये, आहे. आजची रस्त्यावरची भव्य नृत्यस्पर्धा १९८० पासूनची. तिच्यात पोशाखांवर प्रचंड खर्च होतो, प्रायोजकांचे फलक लागतात आणि लाखो लोक लोटतात. पण बॅसिलिकाच्या परिसरात मेणबत्त्या विकणाऱ्या बायका वर्षभर सिनुलोग नाचतात. तुम्ही मेणबत्ती घेतली, कोणासाठी काय मागायचं ते सांगितलं, की ती बाई मेणबत्त्या हातात धरून ‘पित सेन्योर’ म्हणत दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे टाकते आणि तुमच्या वतीने प्रार्थना नाचून पोहोचवते. बक्षिसांच्या झगमगाटात ही रीत हरवली तर सिनुलोगचं मूळच सुटेल. सेबूचे बरेच भाविक हेच बोलून दाखवतात, आणि मी त्यांच्या बाजूने आहे.

यातलं काही पाहायला जायचा विचार असेल तर लुकबानची निवड करा आणि १५ मेच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचा. मनिलाहून रस्त्याने काही तासांचं अंतर आहे. ऐन दिवशी गर्दीत घरं नीट दिसत नाहीत. आधी गेलात तर शिडीवर चढून आरांग्या बांधणारी माणसं भेटतील. पान्सित हबहब या नूडल्स केळीच्या पानावर मिळतात आणि काटा-चमच्याशिवाय, पान तोंडाशी नेऊन खायच्या असतात. तशाच खा. आणि सणानंतरही एक दिवस राहा. उतरवलेलं किपिंग तेव्हा तळतात, ते साखरेबरोबर किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून खायला मिळतं.