दुसऱ्या खेपेची हेळसांड

सोलापूरच्या नवी पेठेत डोहाळजेवणाची हिरवी साडी घेताना पहिलटकरणीसाठी जो उत्साह दिसतो, तो दुसऱ्या खेपेस बहुधा ओसरलेला असतो. ‘तिला आता अनुभव आहे’ असे म्हणून घर निर्धास्त होते. परंतु जिची पहिली प्रसूती ३७ आठवडे भरण्यापूर्वीच झाली, तिच्या बाबतीत हा निर्धास्तपणा घातक ठरू शकतो. तिची पुढची प्रसूतीही अकाली होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बालके अशी अपुऱ्या दिवसांची जन्मली.

आपल्या रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि त्याचे कागदही अनेकदा तेथेच राहतात. मग सासरच्या डॉक्टरांना मागचे काहीच कळत नाही. वास्तविक किती आठवडे भरले होते, कळा आपोआप आल्या की रक्तदाबामुळे प्रसूती करावी लागली, यावरच पुढचे उपचार ठरतात. कोणाच्या गर्भाशयमुखाची लांबी सोनोग्राफीने पाहावी लागते, कोणाला प्रोजेस्टेरॉन, तर कोणाला टाका लागतो. बाळ जन्मल्यावर पुन्हा दिवस जाण्यापूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. घरोघरी तंबाखू हाताळून विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या स्त्रियांच्या बाबतीत तर ही दक्षता अधिकच हवी.

प्रत्येक अकाली प्रसूती टळेलच असे नाही, आणि ती झाली तर दोष मातेचा नव्हे. मात्र माहेरने बाळंतविड्याबरोबर तो कागदही लेकीच्या हाती द्यावा आणि पुढच्या खेपेस पहिल्याच तपासणीत तो डॉक्टरांपुढे ठेवला जावा, एवढे तर प्रत्येक घराला करता येण्याजोगे आहे.